देह न टाकणारा देव



ख्रिस्ताच्या देहधारणेवर बोलायचं म्हटलं की बोलणारा आपोआप नाताळाकडे वळतो. गव्हाणी, मेंढपाळ, पूर्वेकडचा तारा हे सगळं मलाही प्रिय आहे. परंतु गव्हाणीतलं बाळ कोणालाही आवडतं, त्यासाठी ख्रिस्ती असावं लागत नाही. त्या बाळाविषयी ख्रिस्ती धर्म जो दावा करतो तो मात्र पचायला अवघड आहे. पहिल्या शतकात तो अवघड होता आणि आजही आहे. ही अवघड बाजू झाकून तो दावा सांगितला, तर त्यात सांगण्यासारखं फारसं उरत नाही असं माझं मत आहे. म्हणून आज मी तिच्याविषयीच बोलणार आहे.

दावा असा. ज्याने आकाश आणि पृथ्वी निर्माण केली तो देव एका विशिष्ट काळी, रोमी साम्राज्याच्या एका आडबाजूच्या मुलखात, एका यहुदी मुलीच्या पोटी माणूस म्हणून जन्माला आला. त्याने माणसाचं रूप पांघरलं किंवा कोणा माणसाच्या शरीरात तो काही वर्षं वस्तीला राहिला, असं ख्रिस्ती धर्म म्हणत नाही. तो माणूस झाला असं म्हणतो. याच्यापुढचा भाग तर आम्ही ख्रिस्ती लोकही पुष्कळदा विसरतो. तो माणूसच राहिला. क्रुसावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला, आणि उठताना शरीर मागे ठेवून उठला नाही.

चर्चच्या पहिल्या सहा-सात शतकांतले वाद वाचताना आपली अशी समजूत होते की सगळी झुंज येशूला देव ठरवण्यासाठी चालली होती. ती अर्धी गोष्ट आहे. उरलेली अर्धी झुंज, आणि माझ्या मते जास्त चिवट झुंज, तो पुरता माणूस आहे हे सांभाळण्यासाठी होती. देव मानायला माणसं चटकन तयार होतात. देवाला भूक लागली, देव थकला, देवाला एखादी गोष्ट ठाऊक नव्हती, हे मानायला ती तयार नसतात. आणि मला जे मुख्यतः सांगायचं आहे ते असं, की चर्चने जेव्हा जेव्हा ख्रिस्ताचं शरीर पुसलं, तेव्हा तेव्हा दुसऱ्या कोणाच्या तरी शरीराला त्याची किंमत मोजावी लागली.

ज्या जगात हा दावा प्रथम मांडला गेला ते जग ग्रीक विचारांवर पोसलेलं होतं. तिथल्या सुशिक्षित माणसाच्या मते देव म्हणजे निर्विकार. त्याला बदल नाही, वेदना नाही, गरज नाही. शरीर ही खालच्या पायरीची गोष्ट. तिसऱ्या शतकातला थोर तत्त्वज्ञ प्लोटायनस याचं चरित्र त्याचा शिष्य पॉर्फिरी याने लिहिलं. आपण शरीरात आहोत याचीच गुरूला लाज वाटे, असं तो सुरुवातीलाच नोंदवतो. दुसऱ्या शतकात सेल्सस नावाच्या विद्वानाने ख्रिस्ती मतावर एक सबंध ग्रंथ लिहिला होता. मूळ ग्रंथ हरवला, पण ख्रिस्ती विद्वान ओरिजेनने त्याला उत्तर देताना त्यातले उतारे जपून ठेवले. देवाला खाली येण्याचं कारण काय, माणसांत काय चाललं आहे ते त्याला वरून कळत नव्हतं का, असा सेल्ससचा प्रश्न आहे. प्रश्न अगदी रास्त आहे. ज्याला त्याचं नीट उत्तर देता येत नाही त्याने या विषयावर बोलू नये.

काही ख्रिस्ती मंडळींनी या अडचणीतून एक वाट काढली. त्यांनी म्हटलं, ख्रिस्ताचं शरीर खरं नव्हतंच, ते नुसतं दिसत होतं. जेवताना दिसला, रडताना दिसला, मरताना दिसला, आतमध्ये मात्र देव अस्पर्श राहिला. मत मोठं सोयीचं होतं. त्याला पहिलं खणखणीत उत्तर दिलं ते अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस याने. दुसऱ्या शतकाच्या आरंभी दहा शिपायांच्या पहाऱ्यात, साखळदंड घालून त्याला रोमकडे नेत होते. तिथे त्याला श्वापदांपुढे सोडायचं होतं. वाटेवरून त्याने मंडळ्यांना पत्रं लिहिली. त्यांत तो विचारतो, की ख्रिस्ताचं दुःख नुसता भास असेल, तर मी या साखळ्यांत कशासाठी आहे? ज्याचं स्वतःचं शरीर उद्या फाडलं जाणार होतं त्या माणसाने खऱ्या शरीराच्या ख्रिस्ताचा आग्रह धरला. ही गोष्ट मला अतिशय महत्त्वाची वाटते. ख्रिस्ताचं शरीर खोटं ठरवणाऱ्यांचं स्वतःचं शरीर सहसा सुरक्षित असतं.

महाराष्ट्रात हा विषय मांडताना अवतारकल्पनेला वळसा घालून पुढे जाता येत नाही, आणि जाऊही नये. जुन्या मिशनरी वाङ्मयात एक सोपा फरक सांगितलेला सापडतो. अवतार म्हणजे लीला, म्हणजे वरवरचं रूप, आणि येशू तेवढा खरा माणूस. मला हा फरक इतका सोपा वाटत नाही. सीतेच्या शोधात झाडावेलींना विचारत फिरणाऱ्या रामाचं दुःख वरवरचं म्हणवत नाही. जरा नावाच्या व्याधाचा बाण लागतो आणि कृष्णाचा देह पडतो. आणि वारकऱ्यांचा विठोबा तर जनाबाईसोबत जात्यावर बसतो, चोखोबांसोबत ढोरं ओढतो. हे ऐकत वाढलेल्या माणसाला देव खाली येतो हे ख्रिस्ती माणसाने नव्याने सांगण्याची गरज नाही. उलट ते ऐकण्याची तयारी जगातल्या कोणत्या समाजात असेल, तर ती इथे आहे.

तरीही फरक आहे, आणि प्रेमाने का होईना, तो स्पष्ट सांगितला पाहिजे. अवतार अनेक असतात, गरज पडेल त्या युगात होतात. ख्रिस्ती मंडळी म्हणते, हे एकदाच घडलं. याहून मोठा फरक शेवटाला आहे. अवतारकार्य संपलं की देव निजधामाला जातो. तिथे देहाचं काम उरत नाही. शुभवर्तमानात नेमकं इथेच वेगळं घडतं. लूक सांगतो, की उठलेला येशू शिष्यांसमोर आला तेव्हा त्यांना भूत वाटलं, मग त्याने खायला मागितलं आणि भाजलेल्या माशाचा तुकडा त्यांच्यादेखत खाल्ला. योहान सांगतो, की थोमाला त्याने हातांवरच्या आणि कुशीवरच्या जखमा दाखवल्या. मरणावर जय मिळवलेल्या शरीरावरही खिळ्यांचे व्रण तसेच राहिले. मद्रासचे वेंगल चक्करै हे वकील, कामगार चळवळीतले पुढारी आणि ख्रिस्ती विचारवंत. त्यांनी १९२६ साली इंग्रजीत येशूला अवतार म्हणूनच ओळखणारं पुस्तक लिहिलं. अवतार ही कल्पना त्यांनी टाकली नाही. हा अवतार संपला नाही, तो कायमचा आहे, असं त्यांनी म्हटलं. भारतीय माणसाने या विषयावर केलेली ही फार मोलाची मांडणी आहे. ती मराठीत जितकी चर्चिली जायला हवी होती तितकी गेली नाही, ही खंत मी इथे बोलून दाखवतो.

आता निकियाच्या परिषदेकडे वळतो. २०२५ मध्ये त्या परिषदेला १७०० वर्षं झाली. निकिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं इझनिक, तळ्याकाठचं गाव. ३२५ साली सम्राट कॉन्स्टंटाइनने तिथे बिशपांना बोलावलं. सुमारे तीनशे आले. त्यांतल्या काहींच्या अंगावर आधीच्या छळाच्या खुणा होत्या. वाद उभा केला होता अलेक्झांड्रियाच्या अरियस नावाच्या धर्मगुरूने. आपल्याकडे अरियसला खलनायक करून मोकळे होतात. त्याचा युक्तिवाद मात्र बाळबोध नव्हता. येशूला भूक लागते, तो विहिरीपाशी थकून बसतो, लाजराच्या कबरेपाशी रडतो, शेवटचा दिवस कधी येईल हे आपल्याला माहीत नाही असं स्वतःच्या तोंडाने सांगतो. देव असा असतो का? नसतो. म्हणून पुत्र हा देवाची पहिली आणि सर्वांत थोर निर्मिती आहे, पण देव नाही. त्याच्या अनुयायांनी हा सगळा पुरावा पवित्र शास्त्रातूनच गोळा केला होता.

परिषदेने उत्तर दिलं, की पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे. त्या उत्तराची खरी बाजू मांडली ती अथनासियसने. निकियाच्या वेळी तो अलेक्झांड्रियाच्या बिशपाबरोबर आलेला तरुण डीकन होता, तीनच वर्षांत स्वतः बिशप झाला आणि पुढच्या आयुष्यात पाच वेळा हद्दपार झाला. ३७३ मध्ये तो वारला तोवर त्याची सुमारे सतरा वर्षं परागंदा राहण्यात गेली होती. देहधारणेवरचं त्याचं छोटं पुस्तक आजही वाचावं असं आहे. त्यात तो एक दाखला देतो. फळीवर एखाद्याचं चित्र काढलेलं आहे आणि ते डागांनी मळून ओळखू येईनासं झालं आहे. फळी फेकून द्यायची नसेल तर एकच उपाय उरतो. ज्याचं चित्र आहे त्याने पुन्हा येऊन समोर बसायचं, म्हणजे त्याच फळीवर त्याचा चेहरा पुन्हा उमटवता येईल. माणूस ही देवाची प्रतिमा, ती मळली, म्हणून जो मूळ आहे तो स्वतः आला.

सेल्ससच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. देव माहिती काढायला आला नाही, दुरून दुरुस्त न होणारी गोष्ट दुरुस्त करायला आला. अरियसच्या मताने एक फार थोर दूत मिळतो. पण दूत कितीही थोर असला तरी पाठवणारा आपल्या जागीच राहतो. याकोबाच्या विहिरीपाशी भर दुपारी शमरोनी बाईकडे पाणी मागणारा जर देव नसेल, तर देव अजून कोणाच्या दारी आलेलाच नाही.

इतकं झाल्यावर वाद मिटायला हवा होता. तो मिटला नाही, आणि यापुढचा भाग मला निकियापेक्षाही जवळचा आहे. अथनासियसच्या लिखाणात ख्रिस्ताच्या शरीराला मोठं स्थान आहे, पण त्याच्या मानवी मनाला फारसं काम नाही. त्याच्याच बाजूचा, लावदिकीयाचा विद्वान बिशप अपोलिनारिस याने ही उणीव थेट सिद्धांत म्हणून मांडली. ख्रिस्ताला शरीर माणसाचं होतं, पण माणसाच्या बुद्धीच्या जागी देवाचा शब्द होता, असं तो म्हणाला. म्हणजे आत देव आणि बाहेर माणसाचं अंग. आज कोणत्याही मंडळीत विचारून पाहा, दहांतले आठ जण हेच सांगतील, आणि आपण निकियाचंच बोलतो आहोत असं त्यांना वाटेल.

कप्पदुकियाच्या ग्रेगरीने, ज्याला नाझियांझसचा ग्रेगरी म्हणतात, याचा प्रतिवाद केला. त्याचा मुद्दा साधा आहे. ख्रिस्ताने माणसाचं जे जे स्वतःवर घेतलं ते ते बरं झालं. जे घेतलं नाही ते आजारीच राहिलं. माणूस बिघडतो तो प्रथम मनात बिघडतो. मनच घेतलं नसेल तर आजार होता तिथेच आहे. ३८१ साली कॉन्स्टंटिनोपलच्या परिषदेने अपोलिनारिसचं मत नाकारलं.

याचा अर्थ नीट पाहा. येशूला मानवी मन होतं म्हणजे तो शिकत होता. लूक स्पष्ट लिहितो, की तो ज्ञानाने वाढत गेला. नासरेथमध्ये त्याने अरामी बोलायला मरीयेकडून शिकून घेतलं, योसेफाच्या हाताखाली सुतारकाम शिकला, यहुदी मुलांसारखी स्तोत्रं पाठ केली. गर्दीत कोणीतरी आपल्याला शिवलं हे त्याला जाणवलं, तेव्हा कोण ते त्याने विचारलं. त्याच्या घरच्यांना एकदा वाटलं, की याला वेड लागलं आहे, आणि ते त्याला धरून न्यायला निघाले. मार्कने ही गोष्ट लपवली नाही. आपण लपवतो. प्रवचनांतून आपण असा येशू उभा करतो, ज्याला सगळं आधीच ठाऊक आहे आणि जो माणसांसमोर न कळल्यासारखं वागून दाखवतो आहे. माझ्या मते हा येशूचा गौरव होत नाही. न कळणं, वाट पाहणं, उद्याची खात्री नसणं हे माणसाच्या आयुष्याचं निम्म्याहून अधिक ओझं आहे, आणि ते त्याने उचललं नाही असं आपण त्यातून सांगत असतो.

४५१ च्या खल्कदोनच्या परिषदेवर मी थोडक्यात बोलतो. एक व्यक्ती, दोन स्वभाव, आणि ते दोन एकमेकांत मिसळलेले नाहीत की बदललेले नाहीत, विभागलेले नाहीत की वेगळे काढता येत नाहीत, असं तिथे ठरलं. इजिप्त, सिरिया, आर्मेनिया इथल्या मंडळ्यांना ते पटलं नाही, आणि केरळातल्या सिरियन परंपरेतल्या काही मंडळ्या आजही त्या बाजूच्या आहेत. ही फूट शब्दांवरून किती आणि आशयावरून किती, याचा उलगडा व्हायला पंधरा शतकं लागली. १९७३ मध्ये पोप पॉल सहावे आणि कॉप्टिक चर्चचे प्रमुख शेनूदा तिसरे यांनी एकत्र निवेदनावर सही केली, तेव्हा श्रद्धा एकच असल्याचं दोघांनी मान्य केलं. त्या मधल्या काळात झालेल्या छळाची भरपाई मात्र कोणी करू शकलं नाही.

सातव्या शतकातल्या मॅक्सिमसपाशी मला थांबायचं आहे. त्या वेळी इस्लामी फौजांपुढे साम्राज्याचे प्रांत एकामागून एक जात होते आणि सम्राटाला रुसलेल्या मंडळ्या परत जोडून हव्या होत्या. तडजोड म्हणून एक सूत्र निघालं, की ख्रिस्ताचे स्वभाव दोन असतील, पण इच्छा एकच, देवाची. पुढे सम्राट कॉन्स्टन्स दुसरा याने ६४८ मध्ये या विषयावर बोलायलाच बंदी घातली. मॅक्सिमस हा साधा संन्यासी होता, बिशपही नव्हता. त्याने नकार दिला. त्याने बोट ठेवलं ते गेथशेमानेच्या बागेवर. तिथे येशू घामाघूम होऊन प्रार्थना करतो, की शक्य असेल तर हा प्याला टळो. मरू नये असं वाटणारी ती इच्छा कोणाची? देवाची असू शकत नाही. तो अभिनयही नाही. ती माणसाची इच्छा आहे, जगू पाहणाऱ्या कोणत्याही शरीराची इच्छा. आणि तीच इच्छा, रडत, झगडत, शेवटी पित्याला होकार देते. तो होकार माणसाने दिलेला नसेल, तर माणसाच्या बाजूने काहीच घडलेलं नाही.

या मतासाठी मॅक्सिमसवर खटले झाले. ६६२ मध्ये, वयाच्या ऐंशीच्या पुढे, त्याची जीभ आणि उजवा हात तोडण्यात आला. बोलू नये म्हणून जीभ आणि लिहू नये म्हणून हात. आजच्या जॉर्जियातल्या लाझिका प्रांतात त्याला हद्दपार केलं, तिथे त्याच वर्षी तो वारला. त्याच्या बाजूने उभा राहिलेला पोप मार्टिन याआधीच क्रिमियातल्या हद्दपारीत मेला होता. ६८० ते ६८१ च्या कॉन्स्टंटिनोपलच्या परिषदेने मॅक्सिमसचं म्हणणं खरं ठरवलं. ख्रिस्ती धर्मशास्त्र म्हणजे रिकामटेकड्यांचा शब्दच्छल असं ज्यांना वाटतं, त्यांनी या म्हाताऱ्याकडे पाहावं. राज्यसत्तेला एकच इच्छा हवी होती, आणि तो सांगत होता, की देवानेसुद्धा माणसाची इच्छा दाबून टाकली नाही.

देव माणूस झाला तो कशासाठी, यावर पुढे मध्ययुगात पुष्कळ चर्चा झाली. अँसेल्म या धर्मपंडिताने १०९८ च्या सुमारास पूर्ण केलेल्या ग्रंथात ते माणसाच्या अपराधाचं देणं फेडण्याच्या भाषेत मांडलं, आणि पाश्चात्त्य चर्चवर त्या मांडणीचा ठसा खोल उमटला. महाराष्ट्रातल्या सुवार्तिक प्रवचनांतही बहुधा तीच ऐकू येते. तिच्यात सत्य आहे, पण तेवढ्यावर मन भरत नाही. १३०८ मध्ये कोलोनला वारलेला फ्रान्सिस्कन विचारवंत डन्स स्कोटस याचं म्हणणं असं, की माणसाने पाप केलं नसतं तरी देव माणूस झाला असता. कारण देहधारणा ही अपघातावरची मलमपट्टी नाही, प्रेमाचा मुळापासूनचा बेत आहे. मी स्कोटसच्या बाजूचा आहे. माझ्या अपराधामुळे देवाला यावं लागलं, यापेक्षा त्याला माझ्यासोबत राहायचंच होतं, हे मला शुभवर्तमानाच्या अधिक जवळचं वाटतं.

आता मी मघाशी केलेल्या विधानाकडे येतो. शरीर पुसलं की कोण किंमत मोजतं?

देहधारणेत सर्वांत खुपणारी गोष्ट तिचा नेमकेपणा आहे. देव साधारणपणे माणूस झाला असं होत नाही. साधारण माणूस कुठेच नसतो. तो यहुदी झाला. आठव्या दिवशी त्याची सुंता झाली, तो सभास्थानात जात होता, वल्हांडण पाळत होता. हे यहुदीपण चर्चने शतकानुशतकं चित्रांतून, शिकवणीतून पुसत नेलं, आणि युरोपातल्या यहुद्यांचा छळ ख्रिस्ताच्या नावाने होत राहिला. विसाव्या शतकात याचा कळस झाला. मे १९३९ मध्ये जर्मनीत आयझेनाख इथे प्रोटेस्टंट चर्चच्या जीवनातून यहुदी प्रभाव काढून टाकण्यासाठी एक संस्था स्थापन झाली. वॉल्टर ग्रुंडमन हा नव्या कराराचा प्राध्यापक तिचं काम पाहत होता. १९४० मध्ये या संस्थेने यहुदी खुणा वगळलेला नवा करार छापला. येशू यहुदी नव्हता असं सिद्ध करण्यात विद्वान गुंतले होते, त्याच काळात त्याच्या गोतातल्या लाखो माणसांना छावण्यांत नेऊन मारलं जात होतं. कॅथलिक चर्चने यहुद्यांविषयीची आपली शिकवण अधिकृतपणे सुधारली ती ऑक्टोबर १९६५ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत. उशीर किती झाला हे सांगायला नको. येशूची आई यहुदी आहे एवढं एक वाक्य युरोपच्या मंडळ्यांनी मनापासून धरलं असतं, तर पुष्कळ माणसं वाचली असती असं मला ठामपणे वाटतं.

दुसरं उदाहरण आपल्या घरचं, आणि ते दोन बाजूंचं आहे. इंग्लंडात जन्मलेला जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्याला आला आणि चाळीस वर्षांनी तिथेच वारला. १६१६ मध्ये रायतूर इथे छापलेल्या त्याच्या ख्रिस्तपुराणात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज ज्ञात नाही, ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांतून आणि लोकांच्या गाण्यातून. देव माणूस होतो याचा अर्थ तो इथल्या माणसाच्या बोलीतही बोलू शकतो, हे ज्याला उमगलं त्याचं हे काम आहे. मराठीचं वैभव सांगणाऱ्या त्याच्या ओव्या शाळेत आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. पण त्याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनचं धर्मन्यायालय बसलेलं होतं, आणि १६८४ च्या हुकमाने पोर्तुगीज सत्तेने लोकांना त्यांची बोली सोडायला फर्मावलं. ख्रिस्ताला मराठी बोलू देणारे आणि त्याच्या नावाने माणसांना तुरुंगात टाकणारे एकाच गावात, एकाच वेदीपुढे गुडघे टेकत होते. यातल्या पहिल्याचा अभिमान बाळगायचा तर दुसऱ्याची लाजही बाळगली पाहिजे.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मला या सगळ्यात सर्वांत उजळ वाटतं. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडातल्या वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतरच्या काळात तिथल्या मठातल्या भगिनी जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो पुढे १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. त्र्येकत्व, ख्रिस्ताचं देवत्व, कुमारीच्या पोटी जन्म या सगळ्यांविषयी रमाबाई न घाबरता प्रश्न विचारतात. मोठ्यांनी सांगितलं म्हणून मान डोलवत नाहीत. संस्कृत शास्त्रांत वाढलेल्या बाईंना तर्क चांगला येत होता. त्या प्रश्नांपासून पळाल्या नाहीत, आणि पुढे ख्रिस्ताला त्यांनी सर्वस्वी आपलं मानलं ते आपल्या वाटेने. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने हाडं उरलेल्या शेकडो मुलींना घेऊन आल्या. केडगावला त्यांची मुक्ती ही संस्था उभी राहिली. तिथे शेती, हातमाग, छापखाना, अंध मुलींसाठी शिक्षण होतं. शेवटची वर्षं त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं साध्या मराठीत भाषांतर करण्यात घालवली, आणि ते काम संपवूनच १९२२ मध्ये त्यांनी डोळे मिटले. देहधारणेवर त्यांनी वेगळा प्रबंध लिहिला नाही. भुकेल्याला दिलेली भाकर मला दिली असं येशू मत्तयाच्या शुभवर्तमानात म्हणतो, ते त्यांनी शब्दशः खरं मानलं. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला माउली म्हटलं आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून देवाचा दरबार हा भक्तसंघ सुरू केला, त्याचंही मूळ मला इथेच दिसतं.

आता शेवटचा मुद्दा. तो सांगताना आवाज सौम्य ठेवणं मला जमणार नाही.

जातीचा सगळा व्यवहार शरीराच्या भोवती फिरतो. कोणी कोणाला शिवायचं, कोणाच्या हातचं पाणी प्यायचं, कोणाचं प्रेत कुठल्या वाटेनं न्यायचं. ख्रिस्ती श्रद्धा म्हणते, की देवाने शिवण्याजोगं शरीर घेतलं, कुष्ठरोग्याला हात लावला, शमरोनी बाईच्या हातचं पाणी मागितलं, आणि गुन्हेगाराच्या शिक्षेने गावाबाहेर मेला. मग या श्रद्धेच्या घरात जात राहायला जागाच उरत नाही. तरीही ती राहिली. गोव्याच्या कित्येक बंधुसंघांत ती होती, दक्षिणेतल्या चर्चांत वेगळी बाकं आणि वेगळ्या दफनभूमी होत्या, आणि महाराष्ट्रात लग्न ठरवताना आमच्या घरांत ती हळू आवाजात विचारली जाते. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सबलीकरणाचं धोरण जाहीर केलं, तेव्हा चर्चमध्ये अस्पृश्यता आजही चालते हे तिने लेखी मान्य केलं. प्रोटेस्टंट मंडळ्यांनी यावर समाधानाने हसू नये, त्यांची स्थिती वेगळी नाही.

ज्याला अरियसने देव मानायला नकार दिला त्याला आपण तोंडाने देव म्हणतो, आणि ज्याला अपोलिनारिसने पुरता माणूस मानलं नाही त्याला आपण वागण्यात माणूस मानत नाही. मॅक्सिमसने जिच्यासाठी जीभ गमावली ती श्रद्धा दर रविवारी तोंडाने सांगायला आपल्याला काहीच किंमत पडत नाही. म्हणून इथे बसलेल्या ख्रिस्ती बंधुभगिनींना माझी विनंती आहे. आपल्या मंडळीत जातीवरून वेगळी ठेवलेली एखादी बसण्याची जागा, एखादं पद, एखादी कबर असेल, तर पुढच्या वार्षिक सभेत तो विषय नाव घेऊन काढा, आणि तो निकालात निघेपर्यंत खाली बसू नका. आणि जे ख्रिस्ती नाहीत त्यांना माझी विनंती आहे, की आमची श्रद्धा तपासायची असेल तर आमचे ग्रंथ जरूर वाचा, पण आधी आमच्या दफनभूमीत येऊन पाहा.